तेरा हात चार बोटं

भिवाआप्पा माणसाला आधी मोजायचे आणि मग रामराम करायचे. उजवा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताठ करायचा आणि समोर जे असेल त्याला लावायचा, ही त्यांची जन्माची सवय. होडीत चढणारी सायकल, कांद्याचं पोतं, मेंढराची पाठ, नव्या नवरीची ट्रंक, कशालाही त्यांचा हात लागल्याशिवाय राहायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातलं कपाट भीमेच्या पलीकडे न्यायचं होतं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्यांनी कपाटाला हात लावला, मग आमच्या वडिलांच्या पोटाकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "साडेचार हात. आडवं ठेवा. आन् पाव्हनं, तुम्ही दुसऱ्या खेपंला या." वडील मुकाट्यानं उतरले. आमच्या घरात वडिलांना असं उतरवणारा दुसरा माणूस मी पाहिला नव्हता.

आप्पा मूळचे शिरूरच्या बाजूचे. त्यांचे वडील घोडनदीवर होडी चालवायचे. तिकडे पूल झाला तसं ते बिऱ्हाड भीमेवर, आमच्या दौंड तालुक्यात आलं. बायको लवकर गेली. एकच मुलगी, सुमन, ती पुन्हा शिरूरलाच दिलेली. आप्पा नदीकाठी पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे आणि आपल्या होडीशी बोलायचे. ही होडी त्यांनी स्वतः बांधली होती. फळ्या सागाच्या आणि नाक बाभळीचं. होडीच्या पुढच्या टोकाला ते नाकच म्हणायचे. दोन्ही बाजूंच्या फळ्या त्या नाकात येऊन बसल्या होत्या आणि ते चांगलं उंच, पाण्यावर पुढे झुकलेलं होतं. "हिचं नाक वर हाय म्हनून आपली मान वर हाय," असं ते उतारूंना सांगायचे.

होडी सुटताना त्यांचं एक ठरलेलं भाषण असे. "बसा. हलू नका. बोलायला बंदी न्हाई. होडीत उभा ऱ्हानारा एकच, त्यो म्या." एकदा एक पुढारी इस्त्रीचे कपडे मळतील म्हणून उभे राहिले. आप्पांनी वल्हं आडवं ठेवलं आणि ते शांतपणे तंबाखू मळत बसले. होडी मधल्या पाण्यात गिरक्या घेऊ लागली. पुढारी बसल्यावरच वल्हं पाण्यात गेलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि आप्पा मात्र काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पलीकडचा काठ बघत होते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही गोष्ट सांगताना मला स्वतःला वगळता येत नाही. वगळता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मी कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत स्टोअरमध्ये लागलो होतो. गावात पँटला पट्टा लावून बसमधून उतरणारे आम्ही मोजकेच. त्यात मी स्टोअरवाला, म्हणजे मापाचा माणूस. कुणाच्या गोठ्याचं माप, कुणाच्या दाराच्या चौकटीचं माप, लोक मला बोलवायचे आणि मी जायचो. गमतीनं मला 'मोजणीसाहेब' म्हणायचे. मला ती गंमत वाटत नव्हती, पदवी वाटत होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावानं नदीवर दगडी धक्का बांधला. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी चढलं तशा जुन्या पायऱ्या बुडाल्या होत्या आणि बायाबापड्या गुडघाभर चिखलातून चढउतार करत होत्या. धक्का झाला आणि पाय कोरडे राहू लागले. पण तो छोटा होता. एकामागं एक चार होड्या लागल्या की संपला. दोन महिने सुखाचे गेले आणि मग बाजीरावची वाळूची बोट येऊन धक्क्याला लागली. लांबलचक, इंजिनाची. ती लागली की बाकीच्यांनी पाण्यात ताटकळायचं. मग गावानं समिती नेमली आणि ठरलं, की वीस फुटांवरची होडी धक्क्याला लावायची नाही. समितीत शिकलेला कुणीतरी हवा म्हणून मला सचिव केलं.

वीस फूट ठरले खरे, पण वीस फूट कुठून कुठपर्यंत, यावर मारुतीच्या देवळात दोन तास कालवा झाला. बाजीराव म्हणाला, "बोट पान्यात चालती, हवेत न्हाई. पान्याला टेकलंय तेवढंच मोजा." तसं मोजलं तर त्याची बोट बसत होती, कारण तिची दोन्ही टोकं चांगली वर उचललेली होती. कुणी म्हणालं, फक्त तळाची फळी मोजा. कुणी विचारलं, होडी रिकामी मोजायची का भरलेली? भरली की ती दबते आणि पाण्याला जास्त टेकते. सुकाणू धरायचं की सोडायचं, यावर दोघांची बोलाचाली बंद झाली. ज्यांच्या होड्या जेमतेम पंधरा फुटांच्या, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आप्पा खांबाला टेकून बसले होते. शेवटी ते म्हणाले, "म्हशीला दावनीला बांधताना शिंगं सोडून जागा धरता व्हय? धक्क्याला नाकापासनं ढुंगनापतुर सगळी होडी लागती. मग सगळी मोजा. सुकानू निघतंय, ते काढून ठेवा." लोक हसले आणि तोच नियम झाला. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, वल्ह्याच्या होड्यांत लांब तुमचीच. तुमचीच अडकंल." आप्पांनी हात ताठ केला. "माझी तेरा हात चार बोटं. आन् माझा हात दीड फुटाचा हाय, शिरूरच्या लाकडाच्या वखारीत पट्टीला लावून बघितलाय. वीस फुटाला चार बोटं कमीच भरतीया."

मोजणी रविवारी ठरली. मी शनिवारी स्टोअरमधून मोठा टेप आणला. कातडी डबीतला, लोखंडी पट्टीचा. या टेपची एक खोड होती. कधीतरी त्यावर ड्रम पडून पट्टीचे पहिले सहा इंच कडीसकट तुटून गेले होते. तुटक्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. नवा टेप मागवलेला होता, पण तो येत नव्हता. मग आम्ही सगळे आकडा वाचायचो आणि त्यातून सहा इंच वजा करायचो. इतकी सवय झालेली, की स्टोअरच्या भिंतीवर खडूनं 'सहा वजा' लिहून ठेवलं होतं.

त्या रविवारी धक्क्यावर निम्मं गाव जमलं होतं. माझ्या लग्नाची बोलणी त्याच महिन्यात चालली होती आणि मुलगी पलीकडच्या काठची. तिचे चुलते पलीकडच्या उतारूंच्या वतीनं समितीत होते. ते छत्री टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. आठ होड्या होत्या. ज्याची होडी त्यानं टेपचं टोक नाकावर धरायचं, मी मागच्या बाजूला आकडा वाचायचा आणि मोठ्यानं सांगायचा. मी सांगत गेलो. पंधरा फूट दोन. सोळा फूट. सहा वजा करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त चुलते होते. त्या होड्या लहान, सहा इंच इकडचे तिकडे झाले तरी कुणाचं काही अडत नव्हतं. बाजीरावची बोट साडेबावीसला गेली आणि तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत बाजूला झाला.

मग आप्पांची होडी. आप्पांनी सुकाणू काढून ठेवलं, टोक नाकावर धरलं, अंगठ्यानं दाबलं. मी वाचलं, "वीस फूट तीन इंच."

आप्पा अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "दत्ता, परत वाच." मी परत वाचलं. वीस फूट तीन इंच. "हिकडं ये. टोकाला येऊन बघ की जरा." मी जागचा हललो नाही. म्हटलं, "टोक तुम्हीच धरलंय ना आप्पा? मग टोकाला काय बघायचं?" लोक हसले. "तेरा हात चार बोटं हाय रं ती," आप्पा म्हणाले. त्यावर मी जे बोललो ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणालो, "हाताचा काय भरवसा, आप्पा? म्हातारपणी हात आखडतो."

यावर लोक फार हसले. चुलतेही हसले. आप्पांनी आपल्या हाताकडे एकदा बघितलं आणि तो खाली घेतला. बाजीराव पुढे आला. "नियम म्हंजी नियम. माझी जाती तर आप्पाचीबी जाती." कुणालाच नाही म्हणता येईना. धक्का सुटला तर आप्पांना पार खाली चिखलात होडी लावावी लागणार आणि कोरड्या पायांची सवय झालेले उतारू तिकडे कशाला जातील? त्यांचं पोट त्या होडीवर होतं. आप्पा एवढंच म्हणाले, "मला आठ दिस द्या." समितीनं दिले.

सोमवारी मी टेप परत करायला स्टोअरमध्ये गेलो. तिथे आमचा हेल्पर होता, बिहारकडचा, चाळिशी उलटलेला शांत माणूस. त्यानं टेप घेतला, फडक्यानं पुसला आणि विचारलं, "छह इंच घटाया था ना, भैया?"

मी म्हटलं, "घटाया."

मग मी रॅकच्या मागं जाऊन गेटपासच्या पाठकोऱ्या बाजूवर वजाबाकी केली. ती काही अवघड नव्हती. एकोणीस फूट नऊ इंच. तेरा हात म्हणजे साडेएकोणीस फूट आणि चार बोटांचे तीन इंच. आप्पांचा हात टेपपेक्षा खरा निघाला होता. मी तो कागद बारीक फाडला आणि कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकला.

संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. कंपनीची बस आम्हाला फाट्यावर सोडायची आणि फाट्यावरून गावात यायची वाट धक्क्यावरून होती. आप्पा धक्क्याच्या पहिल्या दगडावर बसलेले. "आलास व्हय?" म्हणाले. "काय इशेष?" मी म्हटलं, "काही नाही, आप्पा." आणि घरी आलो. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. रोज संध्याकाळी ते त्याच दगडावर असायचे, रोज विचारायचे, "काय इशेष?" आणि मी काहीतरी पुटपुटून पुढे जायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही म्हणून बसतो. घरी लग्नाची तारीख बघत होते. चुलत्यांनी 'पोरगा हुशार आहे, गाव त्याच्या मापावर चालतं,' असा निरोप धाडला होता. आता जाऊन मी सांगायचं, की मला सहा इंच वजा करता आले नाहीत? आणि वर सगळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या हाताची चेष्टा केली?

आठव्या दिवशी मात्र मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. जिभेवर आलं होतं. नदी अगदी स्थिर होती. आप्पा माझ्याकडे वळून बघत राहिले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आप्पा, आज वारा पडलाय."

ते "व्हय, पडलाय," म्हणाले आणि उठून खोलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून धक्क्यापाशी आलो तोच करवतीचा आवाज आला. होडी काठावर ओढून घेतली होती आणि आप्पा तिच्या नाकावर करवत चालवत होते. बाभूळ जुनी, टणक, करवत अडकत होती. मला बघून म्हणाले, "जरा धर रं नाक." मी पिशवी खाली ठेवली आणि धरलं. दोन्ही हातांनी धरलं. भुसा माझ्या कंपनीच्या पँटवर पडत होता. चार बोटांचा तुकडा सुटून माझ्या हातात आला, तो मी त्यांच्याकडे दिला. अजूनही बोलता आलं असतं, पण आता बोलून नाक परत लागणार नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली. अशा समजुती घालायला मी तेव्हा फार तयार झालो होतो.

त्यानंतरच्या रविवारी फेरमोजणी झाली. तोच टेप. तोच न्यावा लागला, कारण आता खरं मोजलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. आप्पांनी टोक धरलं, अंगठा दाबला आणि या वेळी टेपकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी जाहीर केलं, "बरोब्बर वीस फूट." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

होडीला धक्का मिळाला, पण होडी पहिली राहिली नाही. फळ्या ज्या नाकात बसवल्या होत्या त्याचं टोकच गेल्यामुळे सांधा उघडा पडला. आप्पांनी पत्रा ठोकला, डांबर ओतलं, तरी पाणी झिरपायचं. आणि बोथट नाकावर लाट आपटली की सरळ आत यायची. दुपारनंतर वारं सुटायचं, तेव्हा बाया दुसऱ्या होडीत बसू लागल्या. हळूहळू आप्पांनीच दुपारची खेप बंद केली. होडी धक्क्याला बांधलेली आणि आप्पा दगडावर. कुणी विचारलं की म्हणायचे, "वारं हाय." पोरंसोरं होडीला नकटी म्हणू लागली. होडीबद्दल काही म्हटलं की भांडायला उठणारे आप्पा त्यावर काहीच बोलत नसत.

माझं लग्न झालं. नवरीला घेऊन मी आप्पांच्याच होडीतून आलो, कारण दुसऱ्या होडीत बसलो असतो तर ते लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. होडीच्या तळाशी पाणी साचलं होतं. आप्पांनी माझ्या बायकोच्या ट्रंकेला हात लावला, दोन हात भरली. मग तिला म्हणाले, "सूनबाई, पाय वर घ्या. होडी जरा गळती." तिनं पाय वर घेतले आणि हळूच मला विचारलं, "हिचं नाक कुणी तोडलं?" मी म्हटलं, नियमात बसत नव्हती. ते तिला पटलं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आमच्याकडेही पूल झाला. होड्या काठाला लागल्या त्या लागल्याच. धक्क्यावर आता बाया धुणं धुतात, आणि तिथे कधी फुटा-इंचाची भांडणं झाली होती हे नव्या पोरांना खरं वाटत नाही. सुमनताई येऊन आप्पांना शिरूरला घेऊन गेली. मी त्या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घेतला होता.

पुढे एकदा कामासाठी शिरूरला जाणं झालं. काम तासाभरात संपलं आणि मी स्टँडवर येऊन उभा राहिलो. दौंडची एक एसटी सोडली, दुसरी सोडली आणि मग सुमनताईचं घर विचारत निघालो. आप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. दार वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली एक लाकडाचा तुकडा सारलेला होता. एका अंगाला डांबर लागलेला, चार बोटांचा. मी तो लगेच ओळखला.

"दत्ता व्हय? ये," ते म्हणाले, आणि सवयीनं उजवा हात माझ्याकडे ताठ करायला गेले. कोपर उलगडेना. हात अर्ध्यावरच राहिला. ते हसले. "बघ, तू म्हनला व्हतास तसंच झालं. आखडला."

मी खाली फरशीवर बसलो. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. म्हटलं, "आप्पा, त्या टेपला पहिले सहा इंच नव्हते. तुमची होडी बसत होती. मला सोमवारीच कळलं होतं."

"मला रविवारीच कळलं व्हतं," आप्पा म्हणाले. "माझ्या अंगठ्याखाली सहाचा आकडा व्हता. तेवढं वाचता येतंय मला."

"मग बोलला का नाही?"

"बोललो की. टोकाला येऊन बघ म्हनलो. चारचौघांत आनिक काय बोलायचं? तुझं लगीन ठरत व्हतं, ते छत्रीवालं पाव्हनं बघत व्हतं. म्हनलं, पोरगं शिकलेलं हाय, घरी जाऊन ध्यानात येईल, आपल्या पायानं येऊन सांगंल. म्हनून तर आठ दिस मागितले. न्हाईतर चार बोटं कापायला आठ दिस कशाला लागत्यात? अर्ध्या तासाचं काम."

रोज संध्याकाळी त्या दगडावर ते कुणाची वाट बघत बसायचे, हे मला तेव्हा समजलं. ते माझीच वाट बघत होते.

"आठव्या दिशी तू माझ्याजवळ येऊन बसलास," ते पुढे म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "घसा साफ केलास. म्हनलं, आज सांगतंय पोरगं. आन् तू म्हनलास, आप्पा, आज वारा पडलाय."

सुमनताई चहा घेऊन आली. आप्पांनी तिला सांगितलं, "ह्यो आमच्या गावचा दत्ता, कंपनीत हाय," आणि दुसरं काही सांगितलं नाही. चहा पिऊन मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत आणि विचारायचा मला धीर झाला नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास ते गेले.

त्या आठव्या दिवशी वारा खरोखरच पडला होता. त्या आठ दिवसांत मी आप्पांना खरं सांगितलं ते तेवढंच.